भोपळा

प्राचार्य म्हणाले, भीती असू द्या, पण मापात.
खाली तीन वर्षांचं पोर धरा,
वर बायपास झालेले आजोबा.
मी वहीत लिहिलं : मापात.
विचारलं, माप कुणाचं, सर?
त्यांनी चष्मा पुसला आणि बजेटवर आले.

एकतीस ऑक्टोबर, साडेचारची किक-ऑफ,
नेरूळचं आमचं मैदान, खाडीच्या अंगाचं,
समोर ऐरोलीच्या मुली.
आमच्या मुलींनी सलग तीन सामन्यांत
एकही गोल केलेला नाही.
तेव्हा घरंच्या घरं मैदानात यावीत
म्हणून भुतं बोलवायची,
असं ठरलं, सहा विरुद्ध दोन मतांनी.

कुठली भुतं, यावर चहा दोनदा आला.
फैजानला हव्यात कवट्या आणि वटवाघळं,
मस्जिद बंदरला डझनावर मिळतात म्हणे.
पालकांतर्फे आलेल्या सौ. गुर्जर म्हणाल्या,
मुंजा नको बाई, आमच्याकडे फेब्रुवारीत मुंज आहे.
मी म्हटलं, हडळ?
कुणीतरी पुटपुटलं, पाय उलटे असलेली
आपली स्ट्रायकर आहेच की.
ऋत्विजा म्हसकर तिथेच बसली होती,
बुटाची नाडी सोडत, बांधत, सोडत.

शेरिन कुरियन, आमची गोलकीपर,
मध्यंतरात चादर पांघरून गोलात उभी राहणार.
लहान मुलांनी पेनल्टी मारायच्या,
तिने प्रत्येक सोडायची.
सवय आहे मला, म्हणाली,
आणि एकटीच हसली.
दम कधी खाणार गं?
चादरीत.

मग तुर्भ्याला गेले. चौदा लाल भोपळे.
व्यापाऱ्याने विचारलं, केटरिंग का, मॅडम?
नाही, भुतं.
त्याने वजनकाट्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि किलोमागे दोन रुपये कमी केले.

गर वाया जाऊ द्यायचा नाही
ही अट पदीबाईंची.
त्याचे घारगे होणार, गूळ घालून,
दहा रुपयांना दोन, स्टॉल गेटाजवळ.
पदीबाईंचे यजमान दुंदाराम तांडेल
मैदानाच्या रेघा मारतात, एकवीस वर्षं.
चुन्याच्या डब्यावर बसून त्यांनी सगळी योजना ऐकली.
म्हणाले, चकवा न्हाय घेतला?

इथे मिठागर होतं. त्यांचे वडील
रात्री बांधावरून घरी निघायचे
आणि पहाटे त्याच बांधावर असायचे,
पाय मिठाने फुटलेले.
चकवा लागला की धावायचं नसतं,
बसून राहायचं, जागा ओळखू येईपर्यंत.
पुढे सिडकोचा भराव आला,
बांध गेले, वडील गेले,
चकव्याचं काय झालं
हे कुठल्याच कागदावर नाही.

मी वही उघडली. चकवा. खर्च : शून्य.
वयोगट? तिथे पेन थांबलं.
मागून ऋत्विजाने विचारलं,
काका, तो चकवतो कसा?
तिला नाडीचा विसर पडला होता.
दुंदाराम उठले, साठीचे, गुडघ्याला पट्टा,
डावा खांदा तिच्याकडे टाकला
आणि उजवीकडून निघून गेले.
परत दाखवा, म्हणाली.
परत दाखवलं.
अंधार पडेपर्यंत दोघं तेच करत होती
आणि मी भोपळ्यांचे डोळे कोरत होते,
एकाचे चुकून झोपाळू झाले, तो मी ठेवला.
तीन वर्षांच्या पोरासाठी.

काल रात्री दिवे लावून पाहिले.
तेरा भोपळे कडेने, पालक बसतील तिथे.
चौदावा दुंदारामांनी उचलला,
मोजून पावलं टाकली,
पेनल्टीच्या ठिपक्याच्या थोडं डावीकडे ठेवला.
बांध इथं होता, म्हणाले.
त्याला पन दिसूदे, गोल कुठं हाय.

खाडीवरून वारा आला, तेरा विझले.
तो एक राहिला का, हे बघायला
मी मान वळवली नाही.
वहीत सगळ्यांत खाली लिहिलंय :
काडेपेट्या चार.
आणि त्याखाली, ऋत्विजाच्या अक्षरात,
उद्या भोपळा फुटणार.
मी खोडलं नाही.